हात उघडेपर्यंत

पहिल्यांदा ब्लाऊजचे हूक लागेनासे झाले. पहाटे न्हाणीत आंघोळ केली, साडी कशीबशी गुंडाळली आणि हुकांपाशी बोटं अडली. दिसायला तीच बोटं, पण वळेनात. पदर घट्ट लपेटून तशीच बाहेर आले. घरात पुरुषमाणसं, कुणाला काय सांगायचं? धाकटी जाऊ चूल पेटवत होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, उठली, मला दाराच्या आड घेतलं आणि माझे हूक लावून परत चुलीपाशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पण लावले. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्का, हे असं किती दिवस?" मी म्हटलं, थंडीमुळं होत असेल. तेव्हा थंडी सुरू व्हायची होती.

आम्ही सोलापुरात राहतो. घरात मी, मालक, सासूबाई, धाकटा दीर आणि जाऊ. माझ्या मुली लग्न होऊन गेल्या. मालक पूर्वी मागावर होते, आता चादरीच्या दुकानात बसतात. जाऊ आणि मी घरी कडक भाकऱ्या करून विकतो. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजायची, मग मंद आचेला लावून पापडासारखी कडक होईस्तोवर वाळवायची. ती महिनाभर टिकते. खानावळी नेतात, परगावी राहणारे लोक बांधून नेतात. मी थापायची आणि जावेनं भाजायची, ही वाटणी ती लग्न होऊन आली तेव्हापासूनची.

मला चार माणसांत बोलता येत नाही. पाहुणे आले की मी आत जाते, नाव विचारलं तरी घाम येतो. पण भाकरी थापायला काटवटीपुढं बसले की माझे हात माझ्याआधी पुढं जायचे. माझी भाकरी मधे आणि कडेला सारखीच पातळ यायची. गिऱ्हाईक जावेला विचारायचं, "थोरल्या बाईंनीच थापलीय नव्हं?" मी आतून ऐकायची. या घरात माझी जी काही जागा होती ती काटवटीपुढची होती. म्हणून हात किती दुखतात हे मी कुणाला सांगत नव्हते. हात गेले तर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं सगळ्या दुखण्याला वातच म्हणतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात तो वात, शेजारणीची कंबर धरते तो वात. मला सांगणारेही खूप. तव्याचा गरम हात लगेच गार पाण्यात घालतेस म्हणून होतं. दही सोड. चिंच सोड. वांगं सोड, डाळ सोड. मी एकेक सोडत गेले आणि शेवटी भाकरी आणि शेंगाचटणी एवढंच उरलं. अंगावरचं मांस उतरलं. दुपारी अंगात कणकण यायची, काही न करता थकवा यायचा. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना आहे, तिथं सुई घेतली की दोन दिवस बरं वाटायचं. दुखायच्या गोळ्या खाऊन पोटात आग पडायला लागली.

सासूबाई म्हणायच्या, "माझ्या गुडघ्याला बघ. उठताना रडतंय, चालताना रडतंय, तरी मी कुटं सुई घेतली?"

जाऊ म्हणायची, "आत्याबाई, तुमी दिवसभर बाजंवर बसून हाय. अक्का चार वाजल्यापासनं काटवटीला हाय."

"मग मी बी तेच म्हणतीय की. काम लई झालंय तिला."

काम जास्त झालंय असं सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र उलटं वाटायला लागलं होतं, आणि तिथंच माझं चुकलं. ते नीट सांगायचं तर पूजेपासून सांगावं लागेल.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग सकाळी काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, त्याला पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं आणि पूजा करून परत गळ्यात घालायचं. पूजा होईपर्यंत चहा सोडाच, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. माहेरी आई असं करायची, इथं सासूबाई करतात, मीही लहानपणापासून करत आले. दिवस उजाडायच्या आत माझी पूजा झालेली असायची.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला एका पहाटे डावा तळहात पसरलाच नाही. बोटं अर्धी मिटलेली, तळहाताची वाटी झालेली. उजव्या हातानं एकेक बोट उलगडलं तर ते पुन्हा आत वळलं. त्या वाकड्या हातावर लिंग ठेवलं, पाणी घालायला गेले आणि ते घसरून ओच्यात पडलं. जमिनीवर पडलं नाही एवढंच. मी पदरात धरून किती वेळ बसले कोण जाणे. अशी गोष्ट कुणाला सांगतात का? सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी मठातल्या स्वामींना बोलावलं असतं, शांती करायला लावली असती, आणि सगळ्या भावकीत ते पसरलं असतं. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पूजा मागं ढकलली. आधी काटवटीपुढं बसायचं. कडक भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळतात. त्या उबेत हात घातला, मळलं, चुलीसमोर थापायला सुरुवात केली की पहिल्या भाकऱ्या जीव घ्यायच्या, मग हळूहळू बोटं सुटायची. ऊन वर आलं की हात उघडायचा. मग हात धुऊन पूजा आणि मग चहा. तोवर पोट पाठीला लागलेलं असायचं, पण हात सपाट पसरायचा आणि लिंग त्यावर नीट बसायचं.

यावरून मी मनात हिशोब मांडला, की थापल्यानं हात उघडतो, म्हणजे थापणं हेच औषध. सासूबाईंचे गुडघे चालल्यावर दुखतात आणि बसल्यावर थांबतात. माझं बसल्यावर आखडतं आणि काम केल्यावर सुटतं. म्हणजे मला कामच कमी पडतंय. हे मला इतकं पटलं की मी जावेच्या वाटणीचं पीठही मळायला लागले. ऑर्डर नसली तरी दुपारी आणखी एक घाणा काढायचे. सासूबाईंचे पाय चेपायचे, तेसुद्धा जोर लावून. संध्याकाळी बोटांची मुळं सुजून गुबगुबीत व्हायची, मनगट तापायचं, आणि मी म्हणायचे, सकाळी परत थापलं की सुटेल. असं दोन वर्षं चाललं असेल, जास्तच.

संक्रांतीच्या सुमाराची गड्ड्याची जत्रा जवळ आली की आमच्याकडं मागणी वाढते. पाहुणे येतात, जाताना भाकऱ्या बांधून नेतात. त्या दिवसांत थंडीही असते. एका सकाळी मी थापलेली भाकरी उचलली आणि तव्यावर टाकायला मनगट वळवलं तर मनगट वळलंच नाही. भाकरी हातातच दुमडली आणि अर्धी तव्यावर, अर्धी चुलीत गेली. दुसरी घेतली. तीही तशीच. तिसऱ्या वेळी जावेनं माझा हात धरला.

"अक्का, चा घेतलास का?"

"न्हाई अजून."

"ऊन कुटं आलंय बघ. उंबरा वलांडून काटवटीपतोर आलंय. तू पैल्यांदा अंधारात पूजा करायचीस. आता रोज ऊन काटवटीला लागतंय तवर तुजी पूजा न्हाई. मला दिसत न्हाई व्हय?"

चुलीत पडलेले भाकरीचे तुकडे मी बाहेर ओढायला लागले.

"हाताला काय हाय ते आज दाखवायचं. नुसती सुई न्हाई, मोठ्या दवाखान्यात."

"जत्रा हुदे."

"जत्रेला मी देवाला सांगते, अक्काचा हात आदी बगून ये म्हणून. ऊट."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. गर्दी होती, बाहेर बाकावर बसून पाठ दुखली. आत गेल्यावर तिनं हात पुढं करायला सांगितले आणि मी ते पदराखाली घेतले. सवयच तशी. तिनं थांबून वाट बघितली. मग मी पदर बाजूला केला.

तिनं बोटांची मुळं एकेक करून दाबली. आधी उजवा, मग डावा. म्हणाली, "मावशी, दोन्ही हातांचं सारखंच आहे. हे तुमच्या लक्षात आलं होतं का?" माझ्या लक्षात आलं नव्हतं. उजव्यानं जास्त काम होतं, दुखायचा तर उजवाच दुखायला हवा, असा विचार मी कधी केला नव्हता.

"सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?"

"असतात थोडा वेळ," मी म्हटलं. कुणी विचारलं की माझ्या तोंडातून हेच येतं, थोडंच.

जाऊ मागून म्हणाली, "थोडा वेळ न्हाई ओ डॉक्टर. ही पूजा केल्याबिगर पाणी घेत न्हाई, आन हात उघडल्याबिगर पूजा करत न्हाई. चार वाजता उठती आन चा पिती तवा शाळंची पोरं शाळंत जाऊन बसलेली असत्यात. आता तुमीच काढा हिशोब."

डॉक्टर लिहायची थांबली. "रोज?"

"रोज की."

"काम केल्यावर सुटतं?"

"व्हय," मी म्हटलं. आणि मला वाटलं, आता ही म्हणेल की बरोबर आहे, काम करत राहा. म्हणून धीर करून पुढंही बोलले. "म्हणून मी जास्ती थापायला लागले. दुपारी पण."

तिनं माझं मनगट हलकेच वळवून बघितलं. रागावली नाही. म्हणाली, "मावशी, झीज झालेला सांधा काम केल्यावर दुखतो आणि विश्रांतीनं थांबतो. ते तुमच्या सासूबाईंचं दुखणं. तुमचं वेगळं आहे. याला आमवात म्हणतात. यात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं. रात्रभर हात हलला नाही की आखडतो, हलवला की सुटतो, म्हणून काम केल्यावर बरं वाटतं. पण सूज आत तशीच असते. सुजलेल्या सांध्यावर तुम्ही तासन्‌तास जोर देत होतात." मग विचारलं, "ताप येतो? वजन उतरलंय? दमायला होतं?" तिन्ही होतं. मला वाटत होतं ते वयानं आणि दही सोडल्यानं.

रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. दुसऱ्या खेपेला तिनं फोटो उजेडावर धरून दाखवला. मनगटाची लहान लहान हाडं, कडेनं कुरतडल्यासारखी. तिनं मनगटावर बोट ठेवून सांगितलं, "इथलं गेलंय ते परत येणार नाही. बाकीचं अजून चांगलं आहे. ते आपण राखू शकतो, गोळ्या नियमित घेतल्या तर." मी विचारलं, थापता येईल का. ती म्हणाली, सूज उतरेपर्यंत अजिबात नाही. नंतर बघू.

बाहेर आल्यावर जावेनं फोटोचं पाकीट रिक्षात स्वतःच्या मांडीवर धरलं.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. रोज चुकूनसुद्धा नाही, हे डॉक्टरनं मला तीनदा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी, पहिलीचा त्रास होऊ नये म्हणून, एक पिवळी गोळी, आणि महिन्या-महिन्याला रक्त तपासायचं. मी सोमवार धरला, सोमवार विसरत नाही म्हणून. पण सोमवारी माझा उपवास, आणि रिकाम्या पोटी ती गोळी घेतली की मंगळवारभर मळमळायचं. हे चुकतंय हे कळायलाही मला दोन-तीन सोमवार लागले. मग मंगळवारी रात्री जेवून घ्यायला लागले.

औषधाच्या दुकानातल्या माणसानं मालकांना सांगितलं, की ही मोठ्या रोगाची, म्हणजे कॅन्सरची गोळी आहे, जपून. मालक संध्याकाळी घरी आले ते घाबरून. "अगं, हाताच्या दुखण्याला एवढी मोठी गोळी कशाला? बंद कर."

सासूबाई आधी कानडीत म्हणाल्या, "साकु, साकु." मग मराठीत, "पुरे झाल्या गोळ्या. निरगुडीचा पाला बांध आन गप बस."

आणि खरं सांगायचं तर मला बंद करायचीच होती. गोळी सुरू होऊन महिना झाला होता आणि सकाळी हात तसेच होते. डॉक्टरनं सांगितलं होतं की ही गोळी हळू लागते, दीड-दोन महिने तरी वाट बघा. पण वाट बघायलाही जीव लागतो. थापायचं नाही म्हणून आमची ऑर्डर निम्मी झाली होती. जाऊ एकटी मळायची, थापायची, भाजायची. रात्री तिच्या खांद्याला मी बाम लावायची आणि तेसुद्धा बोटांनी नीट जमायचं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, "मी सकाळी थोडं थापते. निम्मं तरी."

ती तशीच पालथी पडून म्हणाली, "अक्का, तू काटवटीला हात लावलास तर मी चुलीत पाणी वतीन. आन गोळी बंद केलीस तर पुढच्या वर्षी तुला घास बी मीच भरवायचा का? सांग की. मला तेवढंच काम हाय व्हय?"

मालकांना ती दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. मोठा दीर म्हणून त्यांच्यापुढं ती एरवी डोक्यावरचा पदर हलू देत नाही. डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की मोठ्या रोगाला ती गोळी खूप जास्त देतात, इथं अगदी थोडी आहे, आणि रक्त त्यासाठीच तपासतो. मालक परत आले आणि म्हणाले, "घे." एवढंच. पण मंगळवारी रात्री जेवणानंतर गोळी आणि पाण्याचा तांब्या ते माझ्यापुढं ठेवायला लागले.

मग एकदा, गारठा संपून उन्हं तापायला लागल्यावर, पहाटे हूक लागले. सगळे नाही, वरचे दोन. मी ते कुणाला सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात पूजा चुलीच्या आधी झाली. दुपारची कणकण गेली. दही परत खायला लागले, डाळ खायला लागले. डॉक्टर म्हणाली, सोडायची गरजच नव्हती. बोटांच्या मुळांची सूज ओसरली तेव्हा दिसलं की डाव्या हाताची दोन बोटं बाहेरच्या बाजूला कललीत. ती तशीच राहिली.

डॉक्टरनं शिकवलं, तांब्या दोन्ही तळहातांवर पेलायचा, बरणीचं झाकण बोटांनी नाही तर तळहातानं फिरवायचं, कपडे पिळायचे नाहीत, नळाला अडकवून निथळू द्यायचे. सकाळी कोमट पाण्यात हात घालून बोटं सावकाश उघडमीट करायची. हे सगळं मी करते. करून करून कंटाळा येतो. एखाद्या दिवशी वाटतं, नुसतं पडून राहावं.

थापण्याचं मात्र मनातून गेलं नव्हतं. उन्हाळ्यात एकदा जाऊ माहेरी वळसंगला गेली होती, सासूबाई झोपल्या होत्या. मी गरम पाणी केलं, एका भाकरीचं पीठ मळलं आणि काटवटीपुढं बसले. हात चालला. सगळं आठवत होतं त्याला. पण उजवं मनगट फिरत नव्हतं, त्यामुळं भाकरी एका बाजूला जाड राहिली. ती मी नीट केली, परत थापली, कड पातळ केली. तव्यावर टाकताना दोन्ही हातांनी उचलून ठेवली. भाजली, वाळवली आणि खाल्ली. चांगली झाली होती. दुसऱ्या दिवशी मनगट फुगलं आणि तिसऱ्या दिवशीही उतरलं नाही. एका भाकरीला एवढं.

जाऊ आल्यावर तिनं मनगट बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. मीच आधी बोलले. "काटवट तुजी. मी आता बसणार न्हाई तिच्यापुढं."

ती माहेरून आणलेली पिशवी सोडत राहिली. त्यातल्या शेंगा सुपात ओतल्या, निवडायला लागली. नंतर म्हणाली, "माजी भाकरी कडंला जाड येती, गिऱ्हाईक म्हणतंय. तू समोर बस आन सांग. तोंडानं सांगायला तरी मनगट लागत न्हाई."

आता ती थापते आणि मी भाजते. तव्यापुढं बुटक्या स्टुलावर बसते, कारण खाली बसून उठायला हातावर जोर येतो. उलथन्याला मालकांनी कापडाची जाड मूठ गुंडाळून दिली आहे. चुलीची ऊब हातांना बरी वाटते. भाकरी कडेला लावून वाळवताना मला ती आतून ओली आहे की नाही ते वासावरून कळतं. पण थापण्याचा आवाज दुसऱ्याच्या हातून येतो आणि अजूनही तो ऐकताना माझी बोटं मांडीवर हलतात.

तिची भाकरी अजून कडेला जाड येते. आज सकाळी आलेल्या गिऱ्हाइकानं दारातूनच विचारलं, थोरल्या बाईंनी थापल्यात का. मी तव्यावरून मान वर केली. जाऊ माझ्याकडं बघत होती, ती बोलेल असं वाटलं, पण ती थांबली. मग मीच म्हटलं, "न्हाई. तिनं थापल्यात. मी भाजल्यात."

गिऱ्हाईक बाई म्हणाली, "बरं, द्या," आणि पिशवी पुढं केली. जाऊ भाकऱ्या भरायला उठली. तव्यावरची तोवर थोडी लाल झाली होती, ती मी उलटली.